परड्यातलं फूल आणि माणसाचा हात

कोल्हापूरच्या पेठांत किंवा पंचगंगेकाठच्या गावांत वाढलेल्या माणसाला लहानपणी एक तंबी हमखास मिळालेली असते. वेलावरच्या कोवळ्या दोडक्याकडं, भोपळ्याकडं बोट दाखवायचं नाही. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं. सरळ बोट रोखलं की फळाला दृष्ट लागते, ते पिवळं पडतं आणि दोन-चार दिवसांत कुजून गळतं. ही समजूत एकट्या कोल्हापूरची नाही आणि आजकालचीही नाही. सोळाव्या शतकात तुलसीदासांनी लिहिलेल्या ‘रामचरितमानसा’त शिवधनुष्य मोडल्यावर परशुराम संतापून येतात, तेव्हा लक्ष्मण त्यांना सुनावतो की, नुसती तर्जनी पाहून मरून जाणारं कोहळ्याचं कोवळं फळ इथं कुणी नाही. उपमा ऐकणाऱ्याला लगेच कळावी इतकी ही गोष्ट तेव्हाही घरोघरी ठाऊक होती.

समजुतीतलं कारण बाजूला ठेवलं, तरी तिच्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. भोपळा, दुधी, दोडका, कारलं, पडवळ, काकडी या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या पाठीशी फूल उमलण्याआधीच एवढंसं फळ लागलेलं दिसतं. भोपळ्याला लिंबाएवढी गोटी, दोडक्याला शिरांसकट करंगळीएवढा दोडका. बघणाऱ्याला वाटतं, फळ धरलं. पण ते फळ नसतं, तो अंडाशय असतो. नर फुलातला पराग मादी फुलाच्या चिकट टोकावर पोचला तरच तो वाढतो. नाही पोचला तर तो देठाकडून किंवा टोकाकडून पिवळा पडतो, सुरकुततो आणि गळतो. दृष्ट लागली म्हणून आजीनं ज्या फळांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असतील, त्यातल्या बहुतेकांपर्यंत पराग पोचलाच नव्हता.

कोल्हापूरकडच्या घरामागं परडं असायचं. न्हाणीचं पाणी जाईल तिथं अळू आणि केळ, उकिरड्याच्या कडेला भोपळा, गोठ्याच्या छपरावर दुधी, कुंपणावर घेवडा आणि मधल्या जागेत बांबूचा नाहीतर शेवरीच्या फाट्यांचा मांडव. त्यावर दोडका आणि कारली. वेलांचं बी लावायचा दिवस अक्षय्य तृतीयेचा. आळी करायची, त्यात शेणखत आणि राख घालायची, बी टोकायचं आणि वळवाची वाट बघायची. बाजारातलं माळवं सगळ्यांना रोज परवडत नव्हतं, तेव्हा पावसाळ्यातले तीन-चार महिने घराचं कोरड्यास या परड्यातून निघायचं. हे सगळं काम घरातल्या बायकांचं होतं.

त्यांना फुलाला हात लावायची गरज पडत नव्हती, आणि त्याचं एक कारण त्या घराच्या बांधणीतच होतं. मातीच्या भिंतीतल्या पोकळीत सातेरी माश्यांचं मोहोळ असायचं. दगडी जोत्याच्या फटीत डंख नसलेली बारीक कोती माशी मेणाचं नळकांडं काढून राहायची. छपराच्या वाशांत काळा भुंगा भोक पाडून घर करायचा. परड्याच्या कुंपणावर फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं लोंबायचं. रात्री पतंग यायचे, आणि त्यांचं येणं फार महत्त्वाचं, कारण या वेलांची वेळापत्रकं वेगवेगळी आहेत. भोपळ्याचं फूल तांबडं फुटायच्या आधी उमलतं आणि सकाळी दहा-अकरापर्यंत मिटतं. कारलं आणि काकडी सकाळची. घोसाळं पहाटेचं. दोडका मात्र संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास उमलतो, दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला उघडतं, आणि पडवळाचं झालरीसारखं फूल रात्रीचं. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत परड्यात कुणी ना कुणी कीटक कामावर असेल, तरच ताटात सगळी माळवी येणार.

यातला लाल भोपळा मुळातला इथला नाही. काकडी आणि दोडका भारतीय उपखंडातले, पण भोपळा अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळानंतर आला. त्याच्या मायदेशी भोपळ्याच्या कुळावरच जगणाऱ्या एकांड्या माश्या आहेत. त्या पहाटे फुलाबरोबर उठतात आणि पुष्कळदा मिटलेल्या फुलातच दुपार काढतात. भोपळा समुद्र ओलांडून आला, त्याच्या माश्या तिकडंच राहिल्या. इथं सातेरीनं, आग्या माशीनं आणि भुंग्यांनी त्याला आपलं म्हटलं, म्हणून आज तो श्राद्धाच्या स्वयंपाकात लागतो आणि त्याच्या परक्या जन्माची कुणाला आठवणही येत नाही.

त्याच मुलखातून निघालेल्या दुसऱ्या एका वेलाला हे भाग्य लाभलं नाही. व्हॅनिला मेक्सिकोतून युरोपात आणि तिथून हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली. वेल वाढले, फुलं आली, पण शेंग धरेना. हातानं पराग देऊन तिला शेंग आणता येते, हे बेल्जियमच्या शार्ल मॉरेन यांनी १८३६ साली लिएज इथल्या काचघरात दाखवलं होतं. पण मळ्यात भराभर करता येईल अशी ती रीत नव्हती. ती सापडली १८४१ साली रियुनियन बेटावर, एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाला.

एडमंडची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी अशी आहे, कारण तिची सुरुवात परसातल्या एका वेलापासूनच होते. त्याचा मालक फेरेओल बेलिए-बोमाँ हौशी बागवान होता. त्यानं या पोराला कलिंगडाच्या वेलावरचं नर फूल मादी फुलाला कसं लावायचं, ते शिकवलं होतं. कलिंगड म्हणजे आपल्या दुधी-दोडक्याचंच कूळ. एडमंडनं ती रीत मनात ठेवली आणि व्हॅनिलाच्या फुलावर डोकं चालवलं. त्या फुलात पराग आणि मादी भाग यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. त्यानं बारीक काडीनं पडदा वर उचलला आणि अंगठ्यानं दोन्ही भाग एकमेकांवर दाबले. क्षणभराचं काम. एके दिवशी मालकाला आपल्या कित्येक वर्षं वांझ राहिलेल्या वेलावर शेंगा दिसल्या, आणि पोरानं सांगितलं की त्या मी आणल्या. जगभरच्या व्हॅनिलाच्या मळ्यांत आजही एकेक फूल याच रीतीनं हाताळलं जातं. १८४८ साली गुलामगिरी उठली, एडमंडला ‘आल्बियस’ हे आडनाव मिळालं. पैसा मिळाला नाही. पुढं एका गोऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं या शोधावर स्वतःचा हक्क सांगितला. जुना मालक एडमंडच्या बाजूनं उभा राहिला, तरी १८८० साली एडमंड दारिद्र्यातच मेला.

माणसाच्या हातानं फूल फळवायची कला एडमंडच्या आधी फार जुनी आहे. खजुराची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि नर झाडाचा तुरा मादी झाडात नेऊन बांधायची रीत मेसोपोटेमियात हजारो वर्षांपूर्वी होती. निमरूद इथल्या असीरियन राजवाड्याच्या भिंतींवर इसवी सनापूर्वी नवव्या शतकात कोरलेले पंखधारी पुरुष एका झाडासमोर हातात शंकूसारखी वस्तू धरून उभे आहेत. हे खजुराचं परागीकरण असावं, असं काही अभ्यासक मानतात. रीत माहीत होती, पण फुलाला नर आणि मादी अंग असतं हे प्रयोगानं सिद्ध केलं जर्मनीतल्या कामेरारियसनं, १६९४ साली. लंडनच्या थॉमस फेअरचाइल्ड या माळ्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दोन वेगळ्या फुलझाडांचा हातानं संकर करून दाखवला. पुढं ब्रनोच्या मठातल्या बागेत ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्याच्या कळ्या उमलण्याआधी उघडल्या, त्यातले पुंकेसर चिमट्यानं काढले आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावला. आनुवंशिकतेचं सगळं शास्त्र या चिमट्याच्या कामावर उभं आहे.

आपल्याकडं ही कला आधी सरकारी बागांत आणि संशोधन केंद्रांत आली. नारळाच्या उंच आणि ठेंगू जातींचा संकर आजच्या केरळातल्या निलेश्वरला १९३२ साली झाला. त्यासाठी माणूस माडावर चढून मोहोराला पिशवी बांधत असे. कोल्हापूरहून घाट उतरलं की वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र लागतं. तिथं निलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा झाला, तो १९८१ साली प्रसारित झाला. आंब्याच्या मोहोरात फुलं असंख्य, फळ धरणारी बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळं असा एक आंबा हाताशी येण्यामागं कुणीतरी मोहोरापुढं घालवलेले कित्येक हंगाम असतात. त्या माणसांची नावं जातीबरोबर बाजारात येत नाहीत.

माळव्याच्या बाबतीत मोठी उलथापालथ झाली ती जालन्यात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथं महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली, जी पुढं ‘महिको’ म्हणून घराघरांत पोचली. त्यांची सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून झाली होती. हळद्या रोगाला तोंड देणारी ‘पुसा सावनी’ ही दिल्लीत तयार झालेली जात त्यांनी शेतकऱ्यांकडून वाढवून घेतली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दरम्यान १९७० साली सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा कापसाचा संकरित वाण आणला. व्यापारी लागवडीसाठीचा तो जगातला पहिला संकरित कापूस. त्याचं बी कारखान्यात तयार होत नव्हतं. एकेका कळीला माणसाचा हात लागला, तरच ते तयार होई.

तो हात काय करतो, ते भेंडीवर बघावं. भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, त्यामुळं कामही सारखं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारी कोमेजतं. उद्या उमलणार ती कळी आज दुपारनंतरच ओळखावी लागते. तिचं टोक पिवळसर आणि फुगीर झालेलं असतं. बाई कळीच्या बुडाशी अंगठ्याच्या नखानं गोल रेघ पाडते आणि पाकळ्यांची टोपी अलगद ओढून काढते. आत मधल्या दांड्याभोवती पुंकेसरांची नळी असते. ती नखानंच खरवडून काढायची, पण दांड्याला ओरखडा पडता कामा नये, आणि एकही पराग उरता कामा नये. उरला तर ती शेंग आपल्याच झाडाचं बी धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. मग कळीवर कागदाची पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल तोडून आणायचं, पाकळ्या मागं मुडपायच्या आणि मादीच्या मखमली टोकांवर त्याचे पुंकेसर हळूच फिरवायचे. पुन्हा पिशवी, देठाला दोरा. एवढं केल्यावर एक शेंग, तिच्यात पन्नासच्या आसपास बिया. टोमॅटोला तर कळी ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी असतानाच चिमटा चालवावा लागतो, आणि हात लावलेलं फूल ओळखू यावं म्हणून त्याची दोन हिरवी दलं कातरून ठेवतात.

शेतावर या कामाला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. जालना, बुलढाणा जिल्ह्यातलं देऊळगाव राजा, कोल्हापूरच्या दक्षिणेला कर्नाटकातलं राणेबेन्नूर हे मुलूख आज या कामावर चालतात. देऊळगाव राजाच्या शिवारात शेडनेटची पांढरी-हिरवी छपरं दूरवर पसरलेली दिसतात. आत मिरची, टोमॅटो, ढोबळी, काकडी. हंगाम आला की बायकांच्या टोळ्या सकाळी मादी ओळीत वाकलेल्या असतात, आणि महिना-दीड महिना सुट्टी नसते, कारण कळी कुणासाठी थांबत नाही. बारीक बोटांचं काम म्हणून आंध्रातल्या कापूस-बियाण्याच्या प्लॉटवर १९९० नंतर शाळकरी मुली मोठ्या संख्येनं राबवल्या गेल्या. त्याची चौकशी झाली, अहवाल निघाले, देशभर ओरड झाली आणि कंपन्यांना नियम करावे लागले. संकरित बियाण्याच्या पाकिटावर झळझळीत फळाचं चित्र असतं. ते फळ ज्या बोटांनी आणलं, ती बोटं त्या चित्रात कधी आली नाहीत. या धंद्याचा इतिहास लिहायचा तर बारवाले आणि पटेल यांच्या नावांपाशी थांबून चालणार नाही. एडमंडचं नाव निदान उरलं. राणेबेन्नूरच्या आणि देऊळगाव राजाच्या हजारो बायकांचं तेवढंही उरलेलं नाही.

१९८८ सालच्या बियाणे धोरणानं भाजीपाल्याच्या बियाण्याची आयात सोपी झाली आणि संकरित वाणांचा पूर आला. उत्पादन वाढलं, शेतकऱ्याच्या हातात पैसा आला. ते खरं आहे आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण परड्यातली एक गोष्ट त्यानं थांबवली. पूर्वी वेलावरचा पहिला जोमदार दोडका खुणेनं राखून ठेवत. तो तिथंच वाळून खडखडला की बी काढून राखेत घोळत. भोपळ्याचं बी शेणात घालून भिंतीला थापत. पुढच्या अक्षय्य तृतीयेला भिंत खरवडली की बी तयार. संकरित फळाचं बी असं लावून चालत नाही. दुसऱ्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात आणि काय येईल त्याचा नेम राहत नाही. पाकीट आलं आणि भिंतीवरचं बी गेलं. पुढं भिंतही गेली.

कोल्हापूर शहर वाढलं, पेठांतले वाडे पडून तिथं अपार्टमेंट उभी राहिली, परड्यावर पार्किंग आलं. माळवं लावायची हौस मात्र गेली नाही, ती गच्चीवर चढली. या चढण्याला कोल्हापुरातच एक गुरू भेटला होता. श्रीपाद अच्युत दाभोळकर गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवत. भुदरगड तालुक्यातलं हे विद्यापीठ जे. पी. नाईक यांनी १९५२ साली स्थापलं, आणि त्याला नाव दिलं ते त्याच तालुक्यातल्या पाटगावच्या मौनी महाराजांचं. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्यात पदाधिकारी नव्हते. ज्यानं आपल्या रानात काही करून बघितलं त्यानं ते दुसऱ्याला सांगायचं, एवढंच. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी या वाटेनं मोठी मजल मारली. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल, याचा हिशेब दाभोळकरांनी पानाच्या क्षेत्रफळापासून आणि उन्हापासून मांडला. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक वाचून अनेकांनी मातीकडं नव्यानं बघितलं. त्यांच्या विचारानं मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं भरलेल्या पिशव्यांतून आणि पिंपांतून गच्चीवर भाजी, फळं घेऊन दाखवली. कोल्हापुरात तर चिपाडांना तोटा नाही. शहरातल्या कित्येक गच्च्यांवर आज चिपाडं, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांवर दुधी नि दोडके वाढतात.

वेल वाढतो, फुलं येतात, आणि मग जुनीच तक्रार नव्यानं सुरू होते : फळ पिवळं पडून गळतंय. गच्चीवर बोट दाखवणारं कुणी नसतं. पण भिंतीत मोहोळ नाही, वासे नाहीत म्हणून भुंगा नाही, आजूबाजूला सिमेंटच्या घरांवर दिव्यांचा उजेड, त्यात पतंग भरकटतात. दोन किंवा तीनच वेल असले की नर आणि मादी फूल एकाच दिवशी उमललेलं असेलच असंही नाही. पहिले काही दिवस तर बहुतेक वेलांवर नर फुलंच येतात. नवा माणूस त्यानंच घाबरतो. जुन्या बायका ही फुलं खुडून भजी करत आणि शेंडा खुडून फुटवे येऊ देत, कारण मादी फुलं फुटव्यांवर लवकर धरतात. यात जुलै-ऑगस्टचा कोल्हापुरी पाऊस. माशी पावसात बाहेर पडत नाही, आणि परागकणात पाणी शिरलं की तो फुगून फुटतो. गगनबावड्याकडून ढग आले की आठवडाभर उघडीप नसते. त्या आठवड्यात उमललेली मादी फुलं बहुधा वायाच जातात.

म्हणून जालन्याच्या प्लॉटवरचा हात आता कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गच्चीवर आला आहे. काम सोपं आहे. दोडक्याला संध्याकाळी सहाच्या पुढं, दुधीला दिवेलागणीनंतर, भोपळ्याला सकाळी आठच्या आत. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, मधला पिवळा भाग बोटाला लावून बघायचा. बोट पिवळं झालं की पराग तयार. मादी फुलाच्या तळाशी फळ असतं, त्यामुळं तिला ओळखायला चूक होत नाही. तिच्या मधल्या टोकाला तीन ओठ असतात. तिन्हींवर पराग लागला पाहिजे. एकाच ओठावर लागला तर फळ एका बाजूनं वाढतं आणि दुसऱ्या बाजूनं दबलेलं, वाकडं राहतं. एका मादीसाठी दोन नर वापरले तर जास्त खात्री. पावसाचं चिन्ह असेल तर दोन्ही कळ्या आदल्या दिवशी कागदी पिशवीत झाकून ठेवायच्या, म्हणजे पराग कोरडा राहतो. पुढच्या तीन-चार दिवसांत फळ झरझर वाढू लागलं की पराग पोचला.

हे ज्यांना जमतं त्यांना त्यात एक आनंद असतो, आणि तो मान्य करूनही माश्यांच्या बाजूनं बोलावंसं वाटतं. चीनच्या सिचुआन प्रांतात हानयुआन इथं नासपतीच्या बागांत माणसं झाडावर चढून पिसांच्या काठ्यांनी पराग लावतात. ती छायाचित्रं आता सगळीकडं फिरतात. कोल्हापूरवर अशी पाळी येण्याचं कारण नाही, कारण इथं पश्चिमेला सह्याद्री आहे. महाबळेश्वरला १९४६ पासून मध संचालनालय आहे, आणि तिथून सातेरीच्या पेट्या घाटमाथ्यावरच्या गावांत पोचल्या. १९९१-९२च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगानं दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या संख्येनं मेल्या, त्यातून ही माशी हळूहळू सावरली. २०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. त्यानंतर हा मान मिळाला पाटगावला, त्याच मौनी महाराजांच्या पाटगावला. तिथल्या पेट्यांतली माशी मध तर देतेच. आसपासच्या परड्यांतला भोपळा आणि काकडीही तीच धरवते. मधाच्या बाटलीवर या दुसऱ्या कामाची किंमत कुठं लिहिलेली नसते.

काही वेलांना हाताची गरज कायमच राहील. पावसाळ्यात राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या रानातून कोल्हापूरच्या बाजारात कर्टुली येतात. तिचे नर वेल आणि मादी वेल वेगळे. रानात दोघं जवळपास असतात आणि पतंग मध्यस्थी करतात. ज्यांनी ती शेतात लावली, त्यांना मादी वेलांच्या दहा-एक आळ्यांमागं एक नर वेल मुद्दाम राखावा लागतो आणि फुलं हातानं लावावी लागतात. उलट तोंडलीच्या लागवडीतले वेल मादीचेच, ते परागाशिवाय फळतात, म्हणून तोंडली कुंपणावर कुणी न बघताही येत राहते. पॉलिहाउसमधली बिनबियांची काकडीही तशीच.

आणि हाताचं एक काम अजून आहे, ते भिंतीवरून गेलेल्या बियाण्याशी जोडलेलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बी जमवलं, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि तेव्हापासून कोल्हापूरकडंही जुन्या दुधीचं, काटेरी काकडीचं, पांढऱ्या कारल्याचं बी मागणारी माणसं वाढली. पण शेजारच्या गच्चीवर संकरित दुधी असेल, तर एखादा पतंग एका रात्रीत गावठी वाण बिघडवतो. त्यावर उपाय तोच, जो जालन्यात संकरासाठी वापरतात, फक्त उलट्या हेतूनं. त्या संध्याकाळी उमलणारी गावठी दुधीची एक मादी आणि दोन नर कळ्या दुपारीच टोकाशी दोऱ्यानं बांधायच्या. संध्याकाळी सोडायच्या, एकमेकांना लावायच्या आणि मादी पुन्हा बांधून टाकायची. देठाला रंगीत दोऱ्याची खूण करायची. ते फळ भाजीला काढायचं नाही. साल टणक होईपर्यंत, हलवल्यावर आत बी वाजेपर्यंत ते वेलावर ठेवायचं, मग फोडायचं, बी धुऊन सावलीत वाळवायचं आणि राख घालून बाटलीत भरायचं. बाटलीवर वाणाचं नाव, गावाचं नाव आणि साल लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या अक्षय्य तृतीयेला शेजारणीनं मागितलं तर काय देतोय ते सांगता येतं.